पाचटातील कर्बाची वाट

हवेच्या दहा हजार भागांत कर्बवायू जेमतेम चार भाग असतो. तथापि उसाच्या अंगातील सारा कर्ब तेथूनच येतो. 100 किलो वाळलेल्या पाचटात तो सुमारे 40 किलो भरतो. तोडणीनंतर पाचट पेटविल्यास हा कर्ब घटकाभरात धूर होऊन हवेत परततो. नत्रही बहुतांशी उडून जाते. तेच पाचट खोडव्याच्या सरीत पसरून हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट व 10 किलो पाचट कुजविणारे जिवाणू-संवर्धन टाकल्यास ते जागीच कुजते. जिवाणूंच्या श्वसनाने बराच कर्ब हवेत जातो, परंतु काही अंश ह्यूमसरूपाने जमिनीत उरतो व ओल धरून ठेवतो. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ओल हेच खरे भांडवल होय. म्हणून शेतकरी बंधूंनी पाचटास काडी लावू नये.