विष्ठाश्म आणि प्राचीन वनस्पतिसृष्टी

प्राण्यांची विष्ठा सामान्यतः थोड्याच दिवसांत कुजून मातीत मिसळते. परंतु ती चिखलाखाली त्वरित गाडली गेली, तर पाण्यातील खनिजे तीत झिरपून कालांतराने तिचा दगड बनतो. अशा दगडास विष्ठाश्म किंवा कॉप्रोलाइट म्हणतात. हे नाव इंग्लंडमधील भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी १८२९ मध्ये दिले. तत्पूर्वी मेरी ॲनिंग यांना इक्थिओसॉर या सागरी सरीसृपाच्या सांगाड्यात, पोटाच्या जागी, असे गोळे आढळले होते. ते फोडले असता आत माशांची हाडे व खवले दिसून आले. हाडांवरून प्राण्याचा आकार कळतो, तर त्याने काय खाल्ले याची साक्ष विष्ठाश्म देतो.

या दृष्टीने चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे पिसदुरा हे गाव जगप्रसिद्ध आहे. तेथील लमेटा थरांत डायनोसॉरांची हाडे व विष्ठाश्म सापडतात. १९३९ मध्ये सी. ए. मॅटली यांनी या विष्ठाश्मांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे थर सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

डायनोसॉरांच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. गवताच्या पात्याने बोट कापते, कारण त्यात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात. पाने कुजली तरी हे कण टिकतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रोमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन व अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांतील असे कण तपासले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यांत किमान पाच प्रकारच्या गवतांचे कण होते. भात व बांबू यांच्या जवळच्या गटांचाही त्यांत समावेश होता. त्याखेरीज ताडवर्गीय, सूचिपर्णी व इतर वनस्पतींचे कणही मिळाले. म्हणजे तो प्राणी केवळ गवतावर जगत नव्हता. मिळेल तो पाला खात होता. त्याच थरांत टिटॅनोसॉर या अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरांची हाडे सापडत असल्याने ही विष्ठा त्यांची असावी, असे अनुमान करण्यात आले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानी घेणे आवश्यक आहे. वरील अनुमान दगड कोणत्या थरात, कोणत्या हाडांच्या सान्निध्यात मिळाला यावर आधारलेले आहे. शेतातून उचलून घरी ठेवलेल्या किंवा विकलेल्या दगडाची ही साक्ष कायमची नष्ट होते. म्हणून नांगरणीत वा विहीर खणताना असे गोळे अथवा हाडांसारखे दगड आढळल्यास ते जागचे न हलविता तलाठ्यामार्फत तहसील कार्यालयास किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागास कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हे आवर्जून समजावून सांगावे. भात, ज्वारी, गहू, ऊस ही सर्व पिके गवताच्याच कुळातील होत. त्या कुळाचा प्राचीन इतिहास अशाच एखाद्या ओबडधोबड दगडात दडलेला असू शकतो.