जोडकादंबरीकार : श्रम कोणाचे, श्रेय कोणाचे?

कादंबरी आधी आणि चित्रपट मागाहून, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ आधी पुस्तक झाले आणि १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. परंतु इंग्लंड-अमेरिकेत याच्या उलट चालणारा एक लेखनव्यवसाय गेली कित्येक दशके नांदतो आहे. तिथे चित्रपट किंवा दूरदर्शन-मालिका आधी असते आणि तिच्यावरून किंवा तिला जोडून कादंबरी लिहिली जाते. इंग्रजीत अशा पुस्तकाला ‘टाय-इन’ म्हणतात. आपण सोयीसाठी तिला ‘जोडकादंबरी’ म्हणू. विज्ञानकथेच्या क्षेत्रात या प्रकाराचे पीक विशेष आले. साहित्याच्या इतिहासात मात्र या लेखकांना क्वचितच जागा मिळते. त्यांचे काम कसे चालते, आणि मराठीत त्याला जवळचे असे काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जोडकादंबरीकाराच्या हाती प्रथम येते ती पटकथा. तीत संवाद असतात, स्थळकाळाच्या त्रोटक सूचना असतात. पात्राच्या मनात काय चालले आहे ते नसते. पडद्यावर नट नुसता थबकतो आणि प्रेक्षक समजतो. कादंबरीत ते थबकणे शब्दांनी उभे करावे लागते. शिवाय पुस्तक चित्रपटाबरोबरच दुकानात यायला हवे, म्हणून लेखकाला चित्रपट पुरा होण्याआधीच लिहावे लागते. मुदत पुष्कळदा काही आठवड्यांची असते. लिहून झाल्यावर मजकूर हक्कधारकांकडे मंजुरीला जातो. नायकाला मारता येत नाही, त्याचे लग्न लावता येत नाही, गोष्ट संपताना सारी पात्रे जिथल्या तिथे परत ठेवावी लागतात. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकण्याचीही परवानगी नसावी, तसा हा संसार आहे.

या संसारातील तीन लेखकांचा परिचय करून घेऊ. पहिले जेम्स ब्लिश. १९५९ साली ह्यूगो पुरस्कार मिळवणारा हा मान्यवर विज्ञानकथाकार १९६७ पासून ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या भागांवरून कथा लिहू लागला. समोर पटकथा ठेवून त्यांनी कथासंग्रहांमागून कथासंग्रह लिहिले. १९७० साली त्याच पात्रांवर त्यांनी एक स्वतंत्र कादंबरीही लिहिली. १९७५ साली त्यांचे निधन झाले आणि अपुरे राहिलेले काम त्यांच्या पत्नीने पुढे नेले. स्वतःच्या गंभीर कादंबऱ्यांपेक्षा या उसन्या पात्रांच्या कथांनीच ब्लिश यांचे नाव अधिक हातांत पोचवले.

दुसरे टेरन्स डिक्स. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे ते १९६८ ते १९७४ या काळात पटकथा-संपादक होते. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी त्या मालिकेच्या साठांहून अधिक कथानकांना पुस्तकरूप दिले. त्या काळी घरोघरी व्हिडिओ नव्हता. एकदा दाखवलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. इतकेच नव्हे, तर साठीच्या दशकातले कित्येक भाग बीबीसीने पुढे पुसून टाकले. तेव्हा मुलांच्या दृष्टीने ती मालिका टिकली ती पातळशा पुस्तकांतून. डिक्स यांची वाक्ये लहान आणि सरळ असत. नायकाचे यान उतरताना होणारा आवाज ते जवळजवळ ठरलेल्या शब्दांत सांगत आणि मुलांना ते शब्द पाठ असत. आपल्या कहाणीतल्या ‘आटपाट नगरा’चे काम याहून वेगळे काय असते?

तिसरे अ‍ॅलन डीन फॉस्टर. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ साली आला, पण त्याची कादंबरी त्याआधीच, १९७६ च्या अखेरीस निघाली होती. मुखपृष्ठावर नाव होते दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांचे. लिहिली होती फॉस्टर यांनी. १९७८ साली त्यांनी याच पात्रांवर आणखी एक कादंबरी लिहिली, ती स्वतःच्या नावाने. पहिला चित्रपट फारसा चालला नाही, तर या कादंबरीवरून कमी खर्चात दुसरा काढता यावा, अशी योजना होती. म्हणून तिची घटना धुक्याने झाकलेल्या ग्रहावर घडते. धुके असले की देखावे उभारण्याचा खर्च वाचतो! निर्मात्याची जमाखर्चाची वही कथेच्या हवामानात कशी उतरते, याचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण. १९७९ च्या ‘एलियन’ची कादंबरी लिहिताना तर त्यातला भयंकर प्राणी दिसतो कसा हेच आपल्याला दाखवले गेले नव्हते, असे फॉस्टर यांनी सांगितले आहे. तेव्हा न पाहिलेल्या प्राण्याची भीती वाचकाच्या मनात उत्पन्न करणे, हे त्यांचे काम होते.

आता मराठीकडे वळू. आपल्याकडे चित्रपटावरून विज्ञानकादंबरी लिहिण्याचा धंदा रुजला नाही. परंतु दुसऱ्याने निर्माण केलेल्या जगात राहून लिहिणे मराठीला परके नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, जो ग्रंथ सिद्ध झाला, तो गीतेच्या सातशे श्लोकांच्या आधाराने उभा आहे. तरी त्याच्या नऊ हजार ओव्या मराठीच्या स्वतःच्या आहेत. बाजारासाठी लिहिलेल्या पुस्तकाची त्याच्याशी तुलना करण्याचा येथे हेतू नाही. मूळ दुसरीकडचे आहे म्हणून लेखन आपोआप दुय्यम ठरत नाही, एवढाच मुद्दा त्यावरून ध्यानात घ्यावा.

मराठी विज्ञानकथेचा आरंभही असाच दुसऱ्याच्या जगात झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा मराठी अवतार वाचकांपुढे आला. पुढे हे काम आयुष्यभर ज्यांनी निष्ठेने केले, ते भा. रा. भागवत. जन्म १९१० साली इंदूरचा, निधन २००१ साली. जोडकादंबरीकाराला सर्वांत जवळचा असा मराठी लेखक शोधायचा, तर भागवतांकडेच यावे लागते. व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी एकामागून एक मराठीत आणल्या, आणि मराठी मुलांना ज्यूल व्हर्न हे नाव घरचे वाटू लागले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. स्वतः दिसायचे, पण मूळ लेखकाला झाकायचे नाही, ही त्यांची रीत लक्षात घेण्यासारखी आहे.

त्यांनी दिलेली नावेच पाहा. ‘चंद्रावर स्वारी’ यातला ‘स्वारी’ हा शब्द बखरींतला, मोहिमेचा. व्हर्नच्या १८६५ च्या कादंबरीत युद्ध संपल्यामुळे बेकार झालेले तोफखान्यातले लोक चंद्राकडे तोफगोळा सोडतात. तेव्हा ‘स्वारी’ हाच शब्द नेमका. ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ या नावात भूगर्भाच्या प्रवासाला पुराणातल्या पाताळाची ओळख मिळते. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ हे नाव तर सर्वांत सरस. धूमकेतूने पृथ्वीचा तुकडा माणसांसकट उचलून नेल्याची ती कथा. ‘धूमकेतू’ हा शब्द पुस्तकी झाला असता. ‘शेंडेनक्षत्र’ हा अंगणात खाट टाकून आकाश पाहणाऱ्या आजीचा शब्द आहे. आणि त्याला जोडलेला ‘मुक्काम’ पोस्टकार्डावरच्या पत्त्यातून आलेला. अंतराळात भरकटलेल्या माणसांना दोन शब्दांत मराठी पत्ता मिळाला!

जोडकादंबरीकार आणि रूपांतरकार यांत भेद आहेच. पहिल्यावर हक्कधारकाचा पहारा असतो; दुसऱ्याला मूळ लेखक बहुधा हयात नसल्याने मोकळीक असते. पहिल्याला चित्राचे शब्द करायचे असतात. दुसऱ्याला एका भाषेतले जग दुसऱ्या भाषेत वसवायचे असते. परंतु दोघांचेही कसब एकच आहे : कथानक आपले नसताना वाक्य आपले असले पाहिजे.

या उमेदवारीचे फळ काय, तेही भागवतांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांनी स्वतःचा नायक निर्माण केला : फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल दामटणारा बनेश ऊर्फ फास्टर फेणे. पुढे काळाने एक गंमत केली. दूरदर्शनवर फेणे आला. २०१७ साली त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला. त्यातला फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला आलेला तरुण आहे आणि कथा इतरांनी नव्याने रचलेली आहे. त्या चित्रपटात भा. रा. भागवत हे एक पात्रही आहे. दिलीप प्रभावळकरांनी ते केले. दुसऱ्याच्या जगात वावरलेल्या लेखकाचे जग आता इतरांना वावरण्यासाठी मोकळे झाले, आणि वावरणाऱ्यांनी मूळ मालकाची आठवण ठेवली.

सर्वांच्या वाट्याला हे येत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये फॉस्टर यांना अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांच्या संघटनेच्या साहाय्याने जाहीर तक्रार करावी लागली. चित्रपटांचे हक्क नव्या मालकाकडे गेल्यानंतर आपल्या जुन्या कादंबऱ्या विकल्या जात आहेत, पण त्यांचे मानधन आपल्यापर्यंत येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मालमत्ता विकत घेणाऱ्याने तिच्यावरची देणीही घ्यावयाची की नाही, असा हा प्रश्न होता.

हा प्रश्न दूरचा समजू नये. आज कला शाखेतून बाहेर पडणारे कित्येक विद्यार्थी मालिकांचे संवाद, श्राव्य पुस्तके, भाषांतरे अशी कामे करतात. त्यांनी १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यातील तीन गोष्टी ठाऊक करून घ्याव्यात. एक, नोकरीच्या करारात, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळे ठरले नसल्यास, मालक-संस्था असते. बाहेरून काम घेणाऱ्या लेखकाची स्थिती तशी नसते. दोन, हक्क दुसऱ्याला देणे लेखी हवे. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. तीन, कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. मन्नू भंडारी यांनी आपल्या कादंबरीवरच्या चित्रपटाबाबत १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयात याच कलमाचा आधार घेतला होता.

तात्पर्य, उसने जग घेणे हा लेखकाचा कमीपणा नव्हे. मूळचे नाव लपवणे हा कमीपणा आहे, आणि काम करणाऱ्याचे नाव गाळणे हा अन्याय आहे. या दोन्ही टोकांना जो जपतो, त्याचे लेखन दुसऱ्याच्या जमिनीवर उभे असूनही स्वतःचे असते.

अभ्यासासाठी : गावच्या जत्रेत पाहिलेला एखादा वग किंवा एखादा मराठी चित्रपट घ्यावा आणि त्यातल्या एकाच प्रवेशाची दोन पानी गद्य कथा लिहावी. संवाद बदलू नयेत. घटना बदलू नयेत. फक्त पात्र गप्प राहते त्या क्षणी त्याच्या मनात काय चालले आहे, ते लिहावे. वर मूळ लेखकाचे नाव घालावे आणि खाली आपले.