मुलीचा समर प्रोग्राम आणि दुकानाचं भांडवल



मागच्या व्हिडिओत आपण गल्ला आणि घरखर्च वेगळा ठेवण्याबद्दल बोललो. आज त्याच धड्याचा अवघड भाग. मुलांच्या शिक्षणाचा खर्च आला की आपण हिशेब मांडायलाच लाजतो.

नववी-दहावीतल्या मुलीच्या नावानं मोबाईलवर पत्र येतं: "अभिनंदन! प्री-कॉलेज समर प्रोग्रामसाठी आपल्या पाल्याची निवड झाली आहे." खाली फीचा आकडा आणि दहा दिवसांची मुदत. भाऊ, आधी एकच विचारा: निवड कशावरून झाली? मार्क मागितले नाहीत, परीक्षा घेतली नाही, तर ती निवड नाही, विक्री आहे. "खास तुमच्यासाठी ठेवलंय" असं आपणही गिऱ्हाईकाला सांगतोच की!

फी घेणारं सगळंच खोटं, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत हार्वर्डचा दोन आठवड्यांचा प्री-कॉलेज प्रोग्राम आहे. मुलं कॅम्पसवर राहतात, शिकतात. पण खर्च पाच हजार डॉलरच्या वर, म्हणजे चार लाखांहून जास्त, विमान आणि व्हिसा वेगळा. त्याचं कॉलेजचं क्रेडिट मिळत नाही आणि पुढे हार्वर्डला ॲडमिशनची हमीही नाही. ज्याच्याकडे बाजूला पडलेला पैसा आहे त्यानं जरूर पाठवावं.

आपला पैसा बाजूला पडलेला नसतो. बोदलकसा-तिरोडा पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याचा आणि उन्हाळी धानाचा पैसा फिरतो, आणि जून लागला की तोच पैसा मालात घालावा लागतो. कृषी केंद्रवाल्याला बियाणं-खत, किराणावाल्याला ताडपत्री, छत्र्या, वह्या. फीची मुदत नेमकी त्याच्या आधी येते.

समजा, दीड लाख फी गल्ल्यातून भरली. तेच दीड लाख जूनच्या मालात घातले असते, दिवाळीपर्यंत तीनदा फिरले असते, आणि दर फेरीला १० टक्के सुटले असते, तर ४५ हजार झाले असते. म्हणजे प्रोग्राम दीड लाखाचा नाही, एक लाख पंच्याण्णव हजारांचा पडला. शिवाय माल उधारीवर उचलला तर ठोकवाला रोखीची सूट देत नाही, ती वेगळीच. हा आकडा वहीत लिहा, घरात सगळ्यांना दाखवा, आणि मग ठरवा.

ठरवण्याआधी एक नाव मात्र ऐका: युविका, म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम. इस्रोनं २०१९ मध्ये सुरू केला. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये झाला नाही, २०२२ पासून पुन्हा चालू आहे. त्या वर्षीच्या १ जानेवारीला नववीत शिकत असलेल्या मुलांसाठी, मे महिन्यात, साधारण दोन आठवडे, तिथेच राहून. तिरुवनंतपुरम, बंगळूरु, श्रीहरिकोटा, अहमदाबाद, हैदराबाद, डेहराडून, शिलाँग अशा इस्रोच्या केंद्रांवर. मुलं शास्त्रज्ञांची लेक्चरं ऐकतात, प्रश्न विचारतात, स्वतःच्या हातानं मॉडेल जोडतात, रोबोटिक्सचं आव्हान सोडवतात, रात्री आकाश बघतात, प्रयोगशाळा आतून पाहतात. देशभरातली मुलं एका खोलीत, त्यामुळे आपल्या मुलीला हिंदी-इंग्रजीत बोलावंच लागतं. माझ्या मते अर्धी कमाई तीच. राहणं, जेवण, अभ्याससाहित्य आणि प्रवासाचा खर्च इस्रो करते. सोडायला-आणायला जाणाऱ्या एका पालकाचं भाडंसुद्धा.

आता निवडीचं गणित बघा, कारण इथे आपला माल भारी आहे. २०२५ ची वाटणी अशी होती: आठवीच्या मार्कांना ५० टक्के, ऑनलाइन क्विझला १०, विज्ञान प्रदर्शनाला १०, ऑलिम्पियाडसारख्या परीक्षांना ५, खेळाला ५, स्काउट-गाइड किंवा एनसीसीला ५, आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्याला १५. त्या पंधरावर नागपूरच्या मोठ्या शाळेतल्या मुलाला हात लावता येत नाही. आपल्या गावच्या शाळेला मात्र ते बसल्या जागी मिळतात.

जागा थोड्या असतात, देशभरातून काही शेच मुलं घेतात. म्हणून मुलगी आठवीत असतानाच कामाला लागा. फुकट म्हणून शेवटच्या रात्री फॉर्म भरायचा, हे चालणार नाही. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला तर प्रमाणपत्र मागून घ्या. आपल्याकडे मुलं भाग घेतात आणि कागद शाळेच्या कपाटातच राहतो. खेळाचा कागद, स्काउटचा कागद, आठवीची गुणपत्रिका, सगळं एका फायलीत, जशी जीएसटीची बिलं ठेवता तसं. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये इस्रोच्या अंतरिक्ष जिज्ञासा या पोर्टलवर निघतात. क्विझही तिथेच द्यायची असते. मुख्याध्यापकांची सही लागते, आणि सर नेमके त्याच आठवड्यात ट्रेनिंगला गेलेले असतात, तेव्हा आधीच बोलून ठेवा.

निवड झालीच, तर तिकीट आधी आपल्या खिशातून काढावं लागतं आणि भाडं नंतर परत मिळतं. तेवढी रक्कम मेच्या घरखर्चात धरा, गल्ल्यात हात घालू नका. आणि प्रवासाचं मूळ तिकीट फेकू नका, परतफेडीला तेच द्यावं लागतं.