‘लागणे’ या क्रियापदाचे अध्यापन

‘लागणे’ या शब्दाचा समानार्थी शब्द लिहा, असा प्रश्न चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहिला, तर बहुतेक मुले ‘स्पर्श होणे’ असे उत्तर देतील व त्यावर बरोबरची खूण होईल. एखादा कोळ्याचा मुलगा मात्र ‘किनाऱ्याला येणे’ असे लिहील आणि त्याच्या वाट्यास फुली येईल. वास्तविक दोघांचेही उत्तर बरोबर आहे. दोष आहे तो प्रश्नात. जो शब्द वाक्यागणिक अर्थ पालटतो, त्याचा अर्थ वाक्याविना विचारणे म्हणजे मुलाने घरून आणलेली भाषा शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवावयास सांगणे होय.

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, वांद्रे व जुहू यांच्या दरम्यान, खारदांडा हे कोळ्यांचे जुने गाव आहे. भोवती महानगर वाढले; तथापि कोळीवाडा टिकून आहे. अशा वस्तीतील मुलांच्या कानांवर दिवसभर पडणारी वाक्ये घ्यावीत. ओहोटी लागली. होडी किनाऱ्याला लागली. गळाला मासा लागला. जाळे खडकाला लागून फाटले. मासळी खारवावयास मीठ लागते. पाणी खारट लागते. या सहा वाक्यांत क्रियापद एकच. अर्थ मात्र अनुक्रमे सुरू होणे, येऊन पोहोचणे, अडकणे, घासणे, आवश्यक असणे व चवीस जाणवणे असे सहा. यांपैकी पहिले वाक्य विशेष ध्यानी घेण्याजोगे आहे. या किनाऱ्यावरील डोल जाळे भरतीओहोटीच्या ओढीवर मासळी धरते. त्यामुळे ‘ओहोटी लागली’ हे कोळ्याच्या घरी समुद्राचे नुसते वर्णन नसते. ते कामाच्या वेळेचे वाक्य असते.

वादळात होड्या परतण्यास उशीर झाला की घरातील माणसांचे डोळे समुद्राकडे लागतात आणि रात्रभर कोणाचा डोळा लागत नाही. ‘डोळे लागणे’ म्हणजे वाट पाहणे, ‘डोळा लागणे’ म्हणजे झोप येणे. केवळ वचन पालटले आणि अर्थ जवळजवळ उलट झाला. हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांस विचारावे. एकही मूल चुकणार नाही, कारण व्याकरण त्यास ठाऊक नसले तरी ती रात्र त्याने पाहिलेली असते.

‘बोट’ या शब्दाची गंमतही अशीच आहे. ‘बोट लागले’ म्हटले की हाताचे बोट. ‘बोट लागली’ म्हटले की पाण्यावरची. आणि ‘बोट धक्क्याला लागली’ यात ती पोहोचली, तर ‘आजीला बोट लागली’ यात आजीस मळमळू लागले. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आगबोटी जात असत, त्या काळी हा दुसरा प्रयोग घरोघरी ऐकू येई. आता आगबोटी गेल्या. घाटातील मोटारीने तो प्रयोग ‘गाडी लागणे’ या रूपात जिवंत ठेवला आहे.

अर्थ कशावरून ठरतो, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. कर्ता कोण, विभक्ती कोणती, आणि ‘लागणे’च्या आधी क्रियापदाचे दुसरे एखादे रूप आले आहे काय, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. ‘दिवा लागला’ म्हणजे पेटला, ‘दार लागले’ म्हणजे मिटले, ‘निकाल लागला’ म्हणजे जाहीर झाला. येथे सारा भार कर्त्यावर आहे. ‘तो माझा मामा लागतो’ यात नाते आले. ‘बोलणे मनाला लागले’ यात दुःख आले. तिसऱ्या प्रश्नासाठी पुढील जोडी उपयोगी पडेल: ‘मुलगा वाचू लागला’ आणि ‘मुलाला वाचावे लागले’. पहिल्यात आरंभ आहे, दुसऱ्यात सक्ती आहे. पहिल्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, म्हणजे मुलगी वाचू लागली, मुले वाचू लागली. दुसऱ्यात मुलगा असो वा मुलगी, ‘वाचावे लागले’ हेच रूप राहते. या दोन वाक्यांतील अंतर शिक्षकास निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

जेथे समुद्र नाही, तेथील शाळेने आपली वाक्ये शेतातून घ्यावीत. विहिरीला पाणी लागले, आंब्याला मोहोर लागला, कापसाला कीड लागली, पेरणीला दोन दिवस लागले. कोश हाती असल्यास उत्तमच. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली आली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे काम १९३० नंतरच्या दशकातले. या कोशांतून अशा शब्दांचे अर्थ आधी मुलांनी सांगावेत व मग पडताळावेत. क्रम उलटा करू नये.

हीच रीत इंग्रजीच्या तासालाही कामी येते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते, आणि त्या भाषेतील जोडक्रियापदांपाशी मुले हमखास अडखळतात. ‘टेक’ म्हणजे घेणे व ‘ऑफ’ म्हणजे दूर, एवढे पाठ करून ‘टेक ऑफ’ कळत नाही. विमान धावपट्टी सोडून उडते तेही टेक ऑफ, डोक्यावरची टोपी काढणे तेही, एक दिवसाची रजा घेणे तेही, किमतीतून काही रुपये कमी करणे तेही आणि कोणाची नक्कल करणे तेही. (जुहूचे विमानतळ खारदांड्याहून फार दूर नाही, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन तेथेच उतरले होते. या गावच्या मुलांस पहिला अर्थ मान वर करून शिकता येतो.) येथेही कोण, काय व कशातून हे प्रश्न विचारले की अर्थ लागतो. ‘अर्थ लागतो’ हा प्रयोग मुलांच्या लक्षात आला, तर तोही यादीत घ्यावा.

गृहपाठ म्हणून प्रत्येक मुलाने त्या सायंकाळी घरी ऐकलेली ‘लागणे’ची पाच वाक्ये, ज्या बोलीत ऐकली त्याच बोलीत, लिहून आणावीत. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्यात ‘लागणे’ काढून दुसरे क्रियापद घालून पाहावे. जेथे दुसरे क्रियापद बसतच नाही, ती वाक्ये फळ्याच्या एका बाजूस लिहून आठवडाभर तशीच राहू द्यावीत.