अंड्याचें कवच व कोंबडीचें हाड

अंड्यांची जमा व खाद्याचा खर्च आपण वहींत रोज मांडतों. परंतु कोंबडीच्या हाडांतून जें उचललें जातें, त्याची नोंद कोठेंच होत नाहीं. आज तेवढाच हिशेब वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

एका कवचास सुमारें दोन ग्रॅम कॅल्शियम लागतें. सुधारलेल्या जातीची कोंबडी वर्षास ३०० अंडीं देते असें धरल्यास ६०० ग्रॅम झालें. तिच्या साऱ्या सांगाड्यांत त्याचा विसावा हिस्साही नसतो! कवच बहुतेक रात्रीं घडतें. त्या वेळीं पोटांत चुना नसला म्हणजे तूट हाडांतून भरली जाते. त्यांत पिंजऱ्यामुळें पायांस व पंखांस चलनवलन नाहीं. मग हाड भरावें कसें? नोकरींत असतांना एका पंचनाम्याच्या निमित्तानें अशा एका अंडी-कारखान्यांत आम्हांस जावें लागलें. उतरलेल्या कोंबड्या पाय धरून ओढून काढीत होते, आणि वाळक्या काटक्यांसारखीं हाडें मोडल्याचा आवाज आम्हीं कानांनीं ऐकला.

आपल्याकडील पुष्कळ पिंजऱ्यांत कोंबडीच्या वांट्यास सुमारें ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. कचेरींतील ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटर भरतो. बांध वीतभर सरकला तर मोजणीचा अर्ज घेऊन येणारे खातेदार आम्हीं आयुष्यभर पाहिले. ही मोजणी मात्र कोणी मागत नाहीं. युरोपीय संघानें १९९९ सालीं कायदा करून १ जानेवारी २०१२ पासून असे उघडे-बोडके पिंजरे बंद केले. पिंजऱ्याविना ठेवावयाच्या तर तेथें चौरस मीटरास नऊच कोंबड्या, सातांमागें एक खुराडें व प्रत्येकीस १५ सेंटिमीटर दांडी, असा नियम आहे.

ज्यांस पिंजरे लगेच मोडणें परवडत नाहीं, त्यांनीं निदान सायंकाळीं शिंपल्यांचा जाडा भरडा घालावा. बारीक भुकटी लवकर निघून जाते. जाड तुकडे पेषणींत राहून रात्रभर चुना पुरवितात.

ज्यांस जमिनीवर पाळावयाच्या असतील त्यांनीं भाताचें तूस पसरावें व तें वरचेवर उकरून कोरडें राखावें, कारण ओल राहिली कीं रक्ती हगवण आलीच. अंडीं घालावयाची जागा अंधारी असावी. दांड्या मात्र फार उंच बांधूं नयेत. उंचावरून उडी घेतांना कोंबडीच्या छातीचें हाड मोडतें, आणि पिसांखालीं तें कित्येक दिवस मालकाच्या ध्यानांतही येत नाहीं.