ठासणीच्या बंदुकीच्या नळीची निगा

भाताचा दाणा दुधात भरू लागला की डहाणू व तलासरी तालुक्यांत डोंगरालगतच्या शेतांवर रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप खाचरात शिरला म्हणजे खातो त्याहून अधिक तुडवितो. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. हा परवाना शिकारीचा नव्हे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस स्पष्ट सांगावे. रानडुकरास १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू असल्याने वनाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ते मारता येत नाही. कळप हुसकावून लावण्यास बहुधा आवाज पुरतो.

परंतु आवाजाचा बार काढला तरी नळी खराब व्हावयाची ती होतेच. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन स्वरूपात उरतो. त्याचा काही अंश धुराबरोबर निघून जातो व बाकीचा नळीस आतून चिकटतो. ह्या कीटात क्षार असतात व ते हवेतील ओल शोषून घेतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, तसेच नळीत घडते. बोर्डी-घोलवडच्या बाजूस तर हवाच खारी, तेव्हा गंज चढण्यास रात्रही पुरते.

पुष्कळ शेतकरी नळीत रॉकेल किंवा तेल ओततात व काम झाले असे मानतात. ही समजूत चुकीची आहे. मिठावर तेल ओतल्याने मीठ विरघळत नाही. कीट तेलाखाली तसेच राहते आणि लोखंड खात राहते. एका शेतकऱ्याची अशी तेल पाजलेली बंदूक मी पाहिली होती. नळी वरून चकचकीत होती, पण आत फिरविलेले फडके तांबडे होऊन बाहेर आले. कीट विरघळते ते पाण्याने, म्हणून बंदूक वापरली त्याच दिवशी ती गरम पाण्याने धुतली पाहिजे.

धुण्यापूर्वी नळी रिकामी आहे ना, हे पाहावे. टोपी काढावी व नळीचे तोंड कोणाकडेही रोखू नये. नळी निश्चित रिकामी असताना गज तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी गजावर एकदाच खूण करून ठेवावी. पुढे केव्हा ही खूण तोंडाच्या बाहेर राहिली, तर आत बार आहे असे समजून धुण्याचे काम थांबवावे व परवानाधारक कारागिराकडे जावे. अडकलेला बार घरी उकरून काढू नये.

नळी दस्त्यापासून सुटी होत असल्यास सोडवून घ्यावी व तिचा मागील भाग गरम पाण्याच्या बादलीत ठेवावा. गजाला घट्ट बसेल असे फडके गुंडाळून तो वरखाली केला म्हणजे टोपीच्या खुंटीच्या छिद्रातून पाणी पिचकारीसारखे आत-बाहेर होते व छिद्रही धुऊन निघते. काळे पाणी यावयाचे थांबेपर्यंत पाणी बदलावे. पाणी गरम असण्याचा दुसरा लाभ असा की नळी तापते व आतून लवकर वाळते. नळी सुटी होत नसेल तर थोड्या पाण्यात भिजविलेल्या फडक्यांनीच काम करावे. दस्त्याचे लाकूड भिजू देऊ नये. नंतर कोरडी फडकी फिरवीत राहावे. शेवटचे फडके पांढरे व कोरडे निघाले पाहिजे.

विटेची पूड, वाळू किंवा राख यांनी नळी घासण्याची खोड मोडली पाहिजे. बाहेरील काळपट-निळा थर हा मळ नव्हे. तो गंजास काही अंशी आवर घालतो व तेल धरून ठेवतो.

कोरड्या नळीस आतून-बाहेरून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. जवसाचे तेल वाळून चिकट होते, म्हणून ते नळीस लावू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फडके फिरवून पाहावे. तांबूस डाग दिसल्यास धुणे अपुरे झाले आहे. चामड्याच्या म्यानात ओल राहते, तेव्हा बंदूक त्यात महिनोन् महिने ठेवू नये. ती कुलुपात, कोरड्या जागी असावी आणि दारू व टोप्या तिच्यापासून व चुलीपासून दूर असाव्यात.

राखणीस जाताना आतील तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. तेल राहिल्यास दारू ओलावते व बार फुकट जातो. गज फिरविताना एखाद्या ठिकाणी तो एकाएकी सैल वाटला, तर नळी तेथे फुगलेली असण्याचा संभव आहे. अशी, किंवा खोल खड्डे पडलेली नळी कारागिराने पाहीपर्यंत वापरू नये. काडतुसातील बिनधुराची दारू मात्र नळी नवी असली तरी तीत कधीही घालू नये. तिच्या दाबाने नळी हातातच फुटते.