तलावाचे तुडूम

मुलांनो, नळ तुम्ही रोज सोडता आणि रोज बंद करता. तोटी थोडी फिरवली की बारीक धार येते. पूर्ण फिरवली की पाणी जोराने बादलीत पडते. हे काम इतके सोपे आहे की त्यात शिकण्यासारखे काही असेल असे वाटतही नाही. पण समजा, नळाच्या जागी एक भरलेला तलाव आहे आणि बादलीच्या जागी साऱ्या गावाची धानाची शेते आहेत. पाऊस थांबला आहे. आता तोटी कोणी फिरवायची? किती फिरवायची? पाणी आधी कोणाला द्यायचे? या प्रश्नांची उत्तरे आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील लोकांनी फार पूर्वी शोधून काढली होती. या पाठात आपण ती समजून घेऊ.

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या काही भागात, साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. नाव ऐकून हसू येते. पण येथे मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांच्या पहिल्या अक्षरांपासून हे नाव झाले आहे. हे दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. उर्दू व्याकरणात तुम्ही ‘माजी’ म्हणजे भूतकाळ शिकता. मराठीत ‘माजी’ म्हणजे पूर्वीचा. मालगुजार म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा. म्हणजे पूर्वी जे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते, ते माजी मालगुजारी तलाव.

त्यांतील कितीतरी तलाव मालगुजारांच्याही आधीचे आहेत. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला सवलतीने जमीन मिळत असे. अशा जमिनीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाचा भाग आजही आहे. तलाव बांधण्याच्या कामात कोहळी समाजाचे लोक फार वाकबगार होते. पावसाचे पाणी कोणत्या उतारावरून येते, पाळ कोठे घालावी, पाणी कोणत्या बाजूने काढावे, हे त्यांना जमिनीकडे पाहून कळत असे.

आता तुम्ही विचाराल, या भागात पाऊस तर भरपूर पडतो, मग तलाव कशासाठी? पाऊस भरपूर पडतो हे खरे. पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. धानाला मात्र रोवणीपासून दाणा भरेपर्यंत पाणी लागते. रोवणी झाली आणि पावसाने पंधरा दिवस दडी मारली, तर बांधीला भेगा पडतात. पुढे धान निसवते, म्हणजे लोंबी बाहेर येते, तेव्हा पावसाळा संपत आलेला असतो. त्या वेळी एक पाणी कमी पडले तर लोंबीत दाण्याऐवजी पोचट फोल राहते. वर्षभराची मेहनत त्या एका पाण्यावर अवलंबून असते. म्हणून जुलैचे पाणी ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवायचे आणि लागेल तेव्हा, लागेल तेवढेच सोडायचे. यासाठी तलाव.

तलावाचे मुख्य भाग तीन. पहिला भाग पाळ, म्हणजे मातीचा लांब बांध. दुसरा भाग सांडवा. तलाव भरला की जास्तीचे पाणी सांडव्यावरून आपोआप बाहेर जाते. तिसरा भाग तुडूम. तलावातील पाणी शेताकडे सोडण्याचे दार म्हणजे तुडूम. पाळीखालून एक मोरी काढलेली असते. तुडूम उघडले की पाणी त्या मोरीतून नहरात येते आणि नहरातून एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाते. ‘नहर’ हा शब्दही तुमचाच आहे. उर्दूत तो स्त्रीलिंगी आहे. आपल्याकडच्या मराठीत मात्र ‘नहराचे पाणी’ असे म्हणतात.

जुन्या पद्धतीच्या तुडुमात तलावाच्या आतल्या बाजूस वेगवेगळ्या उंचीवर भोके असतात. प्रत्येक भोक बुचाने बंद केलेले असते. पाणी हवे असेल तेव्हा सर्वांत वरचे, पाण्याखाली असलेले बूच आधी काढतात. पाण्याची पातळी त्याच्या खाली उतरली की त्याखालचे बूच काढतात. असे एकेक पायरी उतरल्याप्रमाणे पाणी काढले जाते. आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी दारे आली आहेत.

सगळ्यात खालचे भोक एकदम का उघडायचे नाही? याचे कारण तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पाणी जितके खोल, तितका त्याचा दाब जास्त. भोकाच्या वर एक मीटर पाणी असेल तर धार एका वेगाने निघते. चार मीटर पाणी असेल तर ती दुप्पट वेगाने निघते. भरलेल्या तलावाचे तळातले भोक उघडले तर पाणी इतक्या जोराने येईल की नहराचे काठ खरवडून नेईल आणि कोवळी रोपे उपटून टाकील. शिवाय खोल पाण्याखालचे बूच दाबामुळे घट्ट बसलेले असते. ते उपसणेही कठीण. वरचे भोक उघडले की त्याच्यावर पाणी थोडे असते, म्हणून धार शांत असते. यंत्र नाही, मीटर नाही. केवळ भोकाची उंची आणि भोकाचा आकार यांवर पाण्याचा वेग आणि पाण्याचे माप ठरते.

हाच नियम अगदी नव्या साधनांतही दिसतो. मोठ्या शहरांतील उंच इमारतींच्या काचा तुम्ही पाहिल्या असतील. त्या धुण्यासाठी आता एक लांब पोकळ दांडा वापरतात. दांड्यातून बारीक नळी वर जाते आणि टोकाला ब्रश असतो. कामगार जमिनीवर उभा राहतो. पंपाने चढवलेले पाणी ब्रशातून काचेवर पडते. पाण्यातील क्षार आधी काढून टाकलेले असतात, म्हणून काच वाळल्यावर पांढरे डाग राहत नाहीत. असे शुद्ध पाणी तयार करायला खर्च येतो. ते वाया घालवून चालत नाही. पाणी कमी सोडले तर धूळ धुऊन जात नाही. जास्त सोडले तर टाकी लवकर रिकामी होते आणि काच काही जास्त स्वच्छ होत नाही. म्हणून कामगार पंपाचा वेग आणि तोटी जुळवून प्रवाह ठरवतो. त्याला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पुढची तोटी बंद आणि मागे पंप चालूच, असे झाले तर नळीत दाब वाढत जातो आणि सांधा निखळतो. म्हणून दाब वाढताच पंप आपोआप थांबेल अशी सोय केलेली असते.

तलावाचेही तसेच आहे. वरून पाऊस येतच राहिला आणि तुडूम बंद असले, तर सांडवा मोकळा हवा. सांडव्यात झाडेझुडपे वाढली, गाळ साचला, किंवा जास्त पाणी साठावे म्हणून कोणी त्यावर माती टाकली, तर पाणी पाळीवर चढते. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागले की ती थोड्या वेळात फुटते. खेकड्यांनी आणि घुशींनी पाडलेली बिळेही पाळीला दुबळी करतात. पाळ फुटली तर खालच्या शेतात रेती पसरते आणि त्या वर्षाचे सगळे पाणी एका रात्रीत निघून जाते. म्हणून लक्षात ठेवा, पाणी नुसते अडवले म्हणजे ते आपल्या ताब्यात आले असे नाही. त्याला योग्य वेळी, योग्य मापाने वाट देता आली, तरच ते ताब्यात आले.

हे लहान तलावाला लागू आहे, तसेच मोठ्या धरणालाही. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. त्याला ३३ दरवाजे आहेत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या भागात मुसळधार पाऊस झाला. मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून आणि गोसीखुर्दमधून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले. भंडारा शहरात, चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुक्यात आणि गडचिरोली जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांत पूर आला. घरे बुडाली, उभे धान पाण्याखाली गेले. दरवाजे किती उघडायचे याबरोबरच ते केव्हा उघडायचे आणि खालच्या गावांना किती आधी सांगायचे, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

तुडूम उघडणे हे हाताचे काम. पण ते केव्हा उघडायचे हे ठरवणे साऱ्या गावाचे काम. तुडुमाजवळच्या शेतकऱ्याला पाणी आधी मिळते. त्याने आपली बांधी गरजेपेक्षा जास्त भरून घेतली, तर नहराच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचतच नाही. एक एकर जमिनीवर पाच सेंटिमीटर पाणी उभे करायचे तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते. एकाने पाच सेंटिमीटर जास्त घेतले, तर तेवढ्याच पाण्याला दुसरा मुकतो. म्हणून पाळी ठरवावी लागते, नहर साफ ठेवावा लागतो आणि पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी विश्वासाचा माणूस नेमावा लागतो.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारच्या मालकीचे झाले. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदांकडे आले. मालगुजारांची सत्ता गेली, हे चांगलेच झाले. पण पाळीवर माती कोणी टाकायची, गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न मागे राहिला. पूर्वी ही कामे गावातले लोक करीत. आता लोक म्हणू लागले, तलाव सरकारचा आहे, सरकार बघेल. अनेक तलाव गाळाने उथळ झाले, काहींचे तुडूम गळू लागले. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. तलावातील गाळ काढायचा आणि तो सुपीक गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतात टाकायचा, असा तिचा हेतू आहे. गाळ यंत्राने काढता येतो. पण नहराच्या शेवटच्या शेताची काळजी यंत्र करीत नाही. ती माणसांनाच करावी लागते.

तुमच्या गावात किंवा जवळपास असा तलाव असेल, तर मोठ्या माणसांबरोबर तो पाहायला जा. पाळ पाहा, सांडवा पाहा. तुडूम कोठे आहे ते विचारा. ते कोण उघडतो, कोणाच्या सांगण्यावरून उघडतो आणि सर्वांत शेवटी पाणी कोणाच्या शेताला मिळते, हे जरूर विचारा. शेवटच्या शेतात धान हिरवे असेल, तर समजा की त्या गावाला पाणी सोडण्याची विद्या येते.

शब्दार्थ
वाकबगार – कुशल, वाकिफ
सारा – जमिनीचा कर, लगान
पाळ – तलावाचा मातीचा बांध
बांधी – कडेने बांध घातलेले धानाचे शेत
रोवणी – धानाची रोपे लावणे
दडी मारणे – लपून बसणे. (पावसाने) न येणे
पोचट – आत दाणा नसलेले
मुकणे – न मिळणे, वंचित राहणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘मामा तलाव’ हे नाव कशावरून पडले?
(आ) सांडव्याचे काम कोणते?
(इ) धान निसवते तेव्हा पाणी कमी पडले तर काय होते?

२. कारणे लिहा.
(अ) तुडुमाचे वरचे भोक आधी उघडतात.
(आ) सांडवा नेहमी मोकळा ठेवावा लागतो.

३. माजी, मालगुजार, नहर हे शब्द उर्दूतही आहेत. या पाठातून असे आणखी चार शब्द शोधा. प्रत्येकाचा उर्दूत आणि मराठीत अर्थ एकच आहे का, ते पाहा.

४. उपक्रम : प्लॅस्टिकच्या बाटलीला एकाखाली एक अशी तीन सारखी भोके पाडा. ती मेणाने बंद करून बाटली पाण्याने भरा. आधी फक्त वरचे भोक उघडा. मग बाटली पुन्हा भरून फक्त खालचे उघडा. कोणती धार लांब गेली? आपले निरीक्षण पाच वाक्यांत लिहा. वापरलेले पाणी झाडांना घाला.